पुस्तकात नसलेला कुत्रा

९ जानेवारी

दादा,

आज सकाळी ऐकायच्या पुस्तकातली खूण पुढे सरकलेली दिसली. परवा आई अकराव्या प्रकरणाच्या मध्यावर थांबली होती. आज टॅब उघडला तर तेरावं सुरू होतं. म्हणजे तू ऐकलंस. म्हणजे तू बरा आहेस. आम्हाला ते कळलं, एवढंच सांगायला हे पत्र.

तू नंबर बदललास, पण पुस्तकांचं खातं बदललं नाहीस. वहिनी म्हणते, विसरला असेल. आई म्हणते, तो काही विसरत नाही. मी दोघींच्या मध्ये बसून चहा पितो.

पत्ता तुझ्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसचा घातला आहे. तिथल्या कारकुनाला फोन केला होता. तो म्हणाला, "नंबर घरी द्यायचा नाही असं त्यानं सांगून ठेवलंय. पत्र पाठवा, मी त्याच्या खणात टाकतो. लांबच्या फेरीवर आहे, दोन-तीन महिन्यांनी गाडी परत आली की घेईल." खणाला कुलूप असतं का, असं मी विचारलं तर हसायला लागला. "अहो, ड्रायव्हरला हल्ली पत्र लिहितं कोण? तुमचं एकटंच पडून राहील."

आईला सध्याचं पुस्तक फार लागू पडलं आहे. ती घरमालकीण, तिच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या, आणि पहिला भाडेकरू तिच्याकडे सोपवून गेलेली ती पेटी. 'मी येईपर्यंत उघडायची नाही.' आई दिवसातून दोनदा विचारते, पेटीत काय असेल रे? मी म्हणतो कपडे. ती म्हणते, कपड्यांसाठी कुणी एवढं मोठं पुस्तक लिहीत नाही.

वाचणाऱ्या बाईंचा आवाज तुला कसा वाटतो? मला आवडतो. वाईट बातमी यायची असली की त्या आधी जरा जास्त श्वास घेतात. आईचं म्हणणं, बाई जेवून उठल्यावर लगेच वाचायला बसतात, म्हणून दुसऱ्या पानापासून सुस्तावतात.

परवापासून वहिनीही ऐकायला बसते. आधी कधी बसायची नाही. आई तिला आपली पद्धत समजावत होती. एका खात्यावर खूण एकच. तो गाडीत ऐकून जिथे थांबतो, तिथून आपण पुढे ऐकायचं, आपण थांबतो तिथून तो. मागे जायचं नाही. त्यानं ऐकलेला भाग तो रविवारी फोनवर सांगायचा, आपला आपण त्याला.

"मागे जाऊन ऐकायला काय हात मोडतात?" वहिनी म्हणाली.

"मागे गेलं की खूण मागे येते. त्याची जागा चुकते."

"चुकू दे की. त्यांनी आपल्या काय कमी चुकवल्यात?"

आईनं टॅब पदरानं पुसून उशाशी ठेवला. मग म्हणाली, "ते वेगळं."

आता रविवारचा फोन नाही. त्यामुळे पुस्तकाला भोकं पडतात. बारावं प्रकरण तुझ्याकडे आहे, आमच्याकडे नाही.

आई बरी आहे. थोडा खोकला आहे.

तुझा,
धाकटा


३० जानेवारी

दादा,

मागच्या पत्रात खोकला थोडा आहे असं लिहिलं होतं. तो थोडा नाही. आईचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीपाशी हलवला आहे. तिला तिथे उजेड बरा वाटतो, असं मी शेजाऱ्यांना सांगतो. खरं म्हणजे आतल्या खोलीतून मोरीपर्यंत चालताना तिला मध्ये खुर्ची लागायला लागली होती.

दुकानात काम बरं आहे. मालकांनी आता काच कापायचं काम पूर्ण माझ्याकडे दिलं आहे. मी चौकटीचं माप तीनदा घेतो. मालक म्हणतात, "अरे, फोटोतली माणसं म्हातारी होतील तेवढ्यात." कानात इअरफोन बघून रोज एकच विनोद करतात, "आज कोण बोलतंय? पोरगी आहे का?" आज मी म्हणालो, मधमाश्या. ते खरंच होतं. दुकानात मी घरचं खातं उघडत नाही, चुकून खूण सरकली तर काय घ्या. तिथे वाचनालयाचं फुकटचं ऐकतो. सध्या मधमाश्यांवरचं एक पुस्तक चालू आहे, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वाचलेलं. मध्येच खोकतात आणि तो खोकला कुणी काढून टाकलेला नाही. थंडीत माश्या राणीभोवती गोळा होऊन बसतात आणि बाहेरच्या माश्या आळीपाळीने आत येतात, म्हणजे कायम बाहेर कुणीच राहत नाही. तुला मिळालं तर ऐक. ऐकलेला शब्द कसा लिहायचा ते कळत नाही, एवढीच ऐकण्याची अडचण. मग घरी येऊन शब्दकोशात बघतो. शाळा आठवीत सुटली, पण तू लावलेली ती सवय सुटली नाही.

एक गंमत सांगायची आहे. बाराव्या प्रकरणात काय झालं असेल यावरून आई फार अस्वस्थ होती. तेराव्यात तो घड्याळवाला भाडेकरू एकदम घरात नाहीच. गेला कुठे? मला तिचं ते बघवेना. मी म्हणालो, दादाचा ऑफिसातून निरोप आला होता, त्यात त्यानं बारावं सांगितलं आहे. आणि मनानेच रचून सांगितलं. घड्याळवाल्याचं घरमालकिणीशी भाड्यावरून भांडण झालं, तो सामान घेऊन गेला, पेटीकडे बघून थांबला, वगैरे. बरं जमलं होतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यात कुत्रा कुठंय?"

तुला आठवत असेल. ते डोंगरावरच्या शाळेचं पुस्तक, आपलं अगदी पहिलं. तुझ्या भागांमध्ये मास्तरांच्या मागे एक लंगडा कुत्रा असायचा. आमच्या भागांत तो कधी यायचा नाही. आई म्हणायची, तो नेमका तुझ्याच वाटणीला येतो. दर रविवारी आधी कुत्र्याचं विचारायची. पुढे मला वाचनालयात ते पुस्तक छापलेलं मिळालं. मी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत शोधलं. कुत्रा नव्हताच. मी तेव्हा आईला बोललो नाही.

"मला माहीत होतं," आई आज म्हणाली. "पुस्तकात एवढ्या वेळा कुत्रा येतो का कुठे? त्याला मी हसलेली आवडायची. म्हणून घालायचा." मग माझा हात थोपटून म्हणाली, "तू सांगितलेलं चांगलं होतं. पण ते त्याचं नव्हतं."

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, छातीत पाणी साठतं आहे, काढलं तरी पुन्हा साठेल. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हे आईला माहीत नाही असं वहिनी समजते, आणि वहिनीला माहीत नाही असं आई समजते.

धाकटा


१८ फेब्रुवारी

दादा,

कारकुनाला पुन्हा फोन केला. पत्रं खणातच आहेत. पण तू मध्ये कुठून तरी ऑफिसला फोन केलास तेव्हा त्यानं सांगितलं म्हणे, की आई आजारी आहे. मी विचारलं, काय म्हणाला? तर म्हणाला, "एकच विचारलं त्यानं. तिनं बोलावलंय का? आता मला काय माहीत, बोलावलंय का नाही ते. मी म्हटलं, ते घरच्यांना विचार."

हे मी आईला सांगावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. मग सांगितलं.

दादा, दुसऱ्या शहरातल्या तुझ्या दुसऱ्या संसाराची गोष्ट तू ज्या दिवशी सांगायला आलास, त्या दिवशी मी दारातच उभा होतो. वहिनीनं ओट्यावरचा गॅस बंद केला, तो आवाज अजून आठवतो. आई म्हणाली होती, "सून माझी आहे. ती इथंच राहील. तू मी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाहीस." तू चप्पल घालून गेलास. तू तिचा शब्द पाळतो आहेस हे मला कळतं. पण तिला वाटतं, न बोलावता आलास तरच ते खरं येणं. बोलावल्यावर तर कुणीही येतं.

तुझा निरोप ऐकून ती म्हणाली, "विचारतो काय? पोराला आईकडे यायला आमंत्रणपत्रिका लागते?" आणि कूस बदलली.

वहिनीला मी स्वयंपाकघरात विचारलं, तो आला तर तुला चालेल का. ती डबा घासत होती. म्हणाली, "भाऊजी, येऊ द्या. मी त्या वेळी दुकानात असेन." ती आता कपड्यांच्या दुकानात शिवण दुरुस्तीला बसते. "पाणी मात्र तुम्ही द्यायचं. माझ्या हातून तेवढं होणार नाही."

आता गेल्या रविवारची गोष्ट. दुपारी आईला जरा हुशारी होती. आम्ही पुस्तक लावलं. घरमालकीण जिन्यावर कुणाची तरी पावलं ऐकते आहे, इथपर्यंत आलो आणि आवाज थांबला. टॅबवर पाटी आली, 'हे खाते सध्या दुसऱ्या उपकरणावर वापरात आहे.'

मी टॅब जवळ घेऊन ती पाटी पुन्हा वाचली. आई म्हणाली, "काय झालं?"

"दादानं लावलंय. आत्ता."

"आत्ता?"

"आत्ता या मिनिटाला."

ती उठून बसली. मी उशी लावली. तिनं टॅब मांडीवर घेतला आणि त्या पाटीवर हात ठेवला, तुझ्या कपाळावर ठेवायची तसा. मी पुन्हा चालू करून बघतो म्हणालो तर दटावलं, "हात लावू नकोस. तुटेल त्याचं. ऐकू दे त्याला."

बराच वेळ आम्ही तसेच बसलो. मध्ये एकदा ती म्हणाली, "आता पावलं कुणाची ते त्याला कळलं असेल." मग म्हणाली, "गाडी चालवतोय का थांबलाय, कळतं का यात?" मी म्हणालो, नाही कळत. वहिनी दारात येऊन उभी होती. बसली नाही, पण गेलीही नाही. पाटी गेली तेव्हा आईनं टॅब मला दिला आणि म्हणाली, "उतरला वाटतं." त्या दिवशी ती दूध पूर्ण प्यायली.

धाकटा


३ मार्च

दादा,

तू शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी थांबलास. आधीची सगळी ऐकलीस आणि तिथे खूण ठेवलीस. अगदी सुरुवातीला.

मी आईला म्हणालो, एकच राहिलंय, लावू का? पेटीत काय ते आज कळेल. ती नको म्हणाली. "त्यानं ठेवलंय ते. थांबवत नाही कुणाला असल्या ठिकाणी. मुद्दाम ठेवलंय माझ्यासाठी. मी पण ठेवते. आला की दोघं ऐकू."

मग चार दिवस खूण हलली नाही. तिची तब्येत या चार दिवसांत फार उतरली. बोलताना वाक्याच्या मध्ये थांबावं लागतं. काल सकाळी तिनं मला जवळ बोलावलं.

"ती बाई खिडकीतून हाक मारते, ते कुठंय?"

मला लगेच कळलं. भांडून गेलेला भाडेकरू समोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहतो, वर यायचं धाडस होत नाही, आणि घरमालकीण खिडकीतून म्हणते, 'वर ये. दार नुसतं ओढलंय, कडी लावलेली नाही.' नववं प्रकरण. ते आमच्या वाटणीचं होतं, तू ऐकलेलं नाहीस.

"तिथं ठेव खूण," आई म्हणाली.

मी म्हणालो, त्यापेक्षा कारकुनाला सांगतो ना, आईनं बोलावलंय म्हणून.

"परक्या माणसाच्या तोंडून नाही. ती बाई वाचते ती निदान आपल्या ओळखीची झालीय."

आपण एवढ्या पुस्तकांत कधी मागे गेलो नव्हतो. मला भीती वाटत होती की चुकीच्या जागी ठेवेन. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा लावून बघितलं आणि बरोबर त्याच्या आधी, त्या बाई श्वास घेतात तिथे, खूण ठेवली. तू चालू केलंस की पहिलं तेच ऐकू येईल असं. आईला ऐकवलं. तिनं मान हलवली. दिवसभर ती खिडकीकडे तोंड करून पडून होती.

आज सकाळी उघडलं. खूण परत शेवटच्या प्रकरणाच्या सुरुवातीला होती.

मी खूप विचार केला. तू ते वाक्य ऐकलंस की न ऐकताच सरकवलंस, ते अ‍ॅप सांगत नाही. पण मला असं वाटतं. आईचा हात कापतो हे तुला माहीत आहे. त्या आगबोटीच्या पुस्तकाच्या वेळी तिचं बोट लागून खूण पार मागे गेली होती, आणि तू ती जागेवर आणून रविवारी म्हणाला होतास, "आई, तुझं बोट लागलं होतं. मी नीट करून ठेवलंय." या वेळीही तुला तसंच वाटलं असणार. तिची जागा चुकू नये म्हणून तू ती काळजीपूर्वक परत ठेवलीस.

मी आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "असेल." मी म्हणालो, पुन्हा ठेवू का तिथे? ती म्हणाली, "दोनदा नको. त्याला वाटेल आई म्हातारी झाली."

दुपारी तिला न विचारता मी कारकुनाला फोन केला. म्हणालो, कळवा, आईनं बोलावलंय, तिच्या तोंडून बोलावलंय. त्यानं मला फोनवर थांबवून दुसऱ्या फोनवरून तुझा नंबर लावला. घाटाचा रस्ता आहे, लागत नाही, म्हणाला. लागला की सांगतो म्हणाला.

खणात म्हणे माझी तिन्ही पत्रं तशीच पडून आहेत.

धाकटा


१५ मार्च

दादा,

या पाकिटावर 'सगळ्यात शेवटी उघड' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. कारकून नवं पत्र वर ठेवतो, त्यामुळे तुझ्या हाताला हे आधी लागलं असतं. खालची वाचून झाली नसतील तर कृपा करून आधी ती वाच.

आई चार तारखेला गेली. सकाळी. वहिनी तिचे केस विंचरत होती. मी दुकानात जायला निघालो होतो, एक बूट पायात होता. वहिनीनं हाक मारली तेव्हा मला वाटलं पाणी हवं असेल. त्रास झाला नाही असं म्हणतात ते मी लिहिणार नाही, थोडा झाला. पण फार वेळ नाही.

कारकुनाचा त्याच संध्याकाळी फोन आला, की तुझा नंबर आता लागतो आहे, बोलावण्याचं सांगू का. मी त्याला काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "मग हे सांगू का?" मी नको म्हणालो. तू घाट उतरत असशील. असलं काही स्टिअरिंगवर हात असताना ऐकायचं नसतं. गाडी लावून खाली उतरलास की पत्रं द्या म्हणालो. चूक केली असेन तर मला बोल. तू लवकर येऊनही काही उपयोग नव्हता, एवढाच विचार मी केला.

आईचा फोटो मालकांनी मागितला, म्हणाले, "दे, मी करतो. तुझा हात आज चालायचा नाही." मी म्हणालो, मीच करतो. दोन काचा फुटल्या. घरात तिचा एकटीचा चांगला फोटो नाही. जो आहे त्यात तिच्या शेजारी तू अर्धा आला आहेस, एक खांदा आणि कान. भोवतीचा पुठ्ठा जरा आत घेतला असता तर तू झाकला गेला असतास. गिऱ्हाइकांचे असे फोटो मी रोज करतो. मी वहिनीला विचारलं. ती फोटो घेऊन खिडकीपाशी उजेडात गेली. मग म्हणाली, "राहू द्या. त्यांचा खांदा काढला तर सासूबाई कुणाला टेकल्यात ते कळणार नाही."

ती इथेच राहणार आहे. तू आलास तर त्या वेळी दुकानात असेन असं ती आता म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. पण परवा तिनं दाराच्या कडीला तेल घातलं.

रोज सकाळी टॅबवर खूण हलली आहे का ते बघायची मला सवय लागली आहे, म्हणून आधीच सांगतो. ती तिथेच आहे. आईनं तुझ्यासाठी ठेवलं, तू आईसाठी ठेवलंस, त्यामुळे ते प्रकरण कुणीच ऐकलेलं नाही. पेटीत काय होतं ते आई न ऐकताच गेली. वाचनालयात ते पुस्तक छापलेलं आहे. मी कपाटापर्यंत जाऊन आलो. काढलं नाही.

मी ऐकणार नाही. वहिनीही नाही म्हणाली. ते आता तुझ्या वाटणीला आलं आहे. तू ऐक. गाडीत नको, कुठेतरी थांबून ऐक. आणि मग ये आणि आम्हाला तोंडानं सांग. आता कुणी बोलावण्याची वाट बघू नकोस, मी बोलावतो आहे. मी धाकटा आहे, माझा शब्द तेवढा चालतो की नाही मला माहीत नाही.

पेटीत काय निघालं ते खरं सांगितलं नाहीस तरी चालेल. मी छापलेल्या पुस्तकात बघायला जाणार नाही. फक्त सांगताना त्यात कुत्रा घाल.

तुझा,
धाकटा